सुदामची क्रीझ

पासष्टच्या लढाईनंतर सुदाम मेश्राम आणि मी एकाच पलटणीतून डिस्चार्ज घेऊन नागपूरला आलो. तो हवालदार, मी त्याच्या हाताखालचा नायक. हिंगणा रोडवर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे बनवणारा एक कारखाना होता. आम्ही दोघांनी अर्ज केला. जागा एकच निघाली आणि ती सुदामला मिळाली. मी लकडगंजच्या आरागिरणीत चौकीदार झालो. सुदामवरून माझ्या पोटात पलटणीपासूनच दुखत होतं, ते आणखी दुखू लागलं.

पलटणीत सुदामचा टर्नआउट, म्हणजे वर्दीचा थाट, एक नंबर. इन्स्पेक्शनला साहेब त्याच्यापुढे थांबत आणि माझ्यापुढून निघून जात. कारखान्यातही त्याने ती सवय सोडली नाही. बाकीचे कामगार वर्दी तिथेच खुंटीला टांगत. सुदाम रोज घरी आणी. अ‍ॅस्बेस्टॉसच्या गोण्या फोडायचं त्याचं काम, त्यामुळे खाकी वर्दी पांढरी होऊन येई. त्याची बायको शेवंता ती अंगणात झटके, धुई, कांजी करी आणि कोळशाच्या इस्त्रीने क्रीझ काढी.

मी बरेचदा त्यांच्या ओट्यावर चहा पीत हे बघत असे. पिठासारखी धूळ उडे. माझं लक्ष मात्र क्रीझवर. एकदा न राहवून घरी बोललो, "सुदामच्या बायकोची इस्त्री पाहाय जरा."

आमची मंदा म्हणाली, "मंग नेऊन द्या तिलेच तुमचा शर्ट. मले काहून सांगून राहिले?"

अशी बरीच वर्षं गेली. शेवंतावहिनींना धाप लागू लागली. चुलीचा धूर असेल, असं सगळे म्हणत. एका संध्याकाळी मी ओट्यावर असतानाच त्या वर्दी हातात धरून अंगणात खाली बसल्या. श्वास घेता येईना. लढाईत न डगमगलेला सुदाम नुसता उभा राहिला.

मी ओरडलो, "सुदाम! पाय धर. उचल. रिक्षात घे."

"हो."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझी ऑर्डर ऐकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "या कोणत्या कारखान्यात कामाला होत्या?"

सुदाम म्हणाला, "थे तं कधी फाटकाच्या आतबी गेली नाही, डॉक्टरसाहेब. अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये मी जातो."

"मग तुमचे कपडे कोण झटकतं?"

मीच उत्तर दिलं, "त्याच."

डॉक्टरांनी समजावलं. त्या धुळीत बारीक तंतू असतात. ते फुप्फुसात रुततात, बाहेर निघत नाहीत आणि कितीतरी वर्षांनी जीव घेतात. ती वर्दी घरी न्यायलाच नको होती.

बाहेर व्हरांड्यात सुदाम मला म्हणाला, "मी तं टर्नआउटसाठी नेत होतो गा."

त्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या.

लढाईत पडलेल्या आमच्या जवानांसाठी आम्ही पलटणीतले जुने लोक दरवर्षी कामठीला जमतो. नावं मी पुकारतो, मला ती पाठ आहेत. त्या वर्षी सुदाम चुरगळलेल्या शर्टात आला. इतकी वर्षं मी त्याची क्रीझ मोडायची वाट पाहिली होती. आता ती मोडली, तर मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटच्या जवानाचं नाव झालं. मी थांबलो नाही.

"शेवंता सुदाम मेश्राम."

सुदामने टाचा जुळवल्या आणि सावधानमध्ये उभा राहिला.