गाडी सोमवारच्या आत

दौंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि त्याच संध्याकाळी अट घातली गेली. अट सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणते. राहूतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून, सुपारी कातरत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "गाडी हाय तवर जा. गाडी बंद, नोकरी बंद. रोज कुणाच्या मागं बसून, कुणाच्या जीपमधी कोंबून घेऊन यायचं न्हाई."

नवरा म्हणाला, ठीक आहे. तो रांजणगावला कंपनीत जातो, त्याला सगळंच ठीक वाटतं. मला वाटलं नव्हतं. पण डीएमएलटीचा, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करून इतकी वर्षं पोळ्या लाटल्यावर माणूस अटीवर वाद घालत बसत नाही. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं लॅबच्या दारात सकाळी सातला उभी असतात, आणि त्या वेळेला राहूहून यवतला पोचवेल असंसुद्धा काही मिळत नाही, पुढच्या दौंडचं तर सोडाच. उसाच्या ट्रॉल्यांमागून दुचाकीवर इतक्या लांब जाणं घरात कुणालाच मान्य नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून मी मान हलवली.

गाडी माझ्या वडिलांची. पांढरी, चौकोनी, कार्बोरेटरवाली जुनी पेट्रोल गाडी. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ती शिरूरहून माझ्याकडे पाठवली, तिच्या सगळ्या खोडींसकट. भाऊजींच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या मते ती गाडी नव्हतीच, भंगार होतं. भाऊजी मनाने वाईट नाहीत. पण मोकळी जागा दिसली की त्यांना तिथे नवा गोठा दिसतो, आणि माझी गाडी नेमकी त्या जागेत उभी असायची.

सोमवारी मला रुजू व्हायचं होतं. शनिवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पूजेला बसतं. कोयते, खुरपी, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप आणि मधोमध ट्रॅक्टर. दुपारी मी स्वयंपाक आवरून बाहेर आले, तर गाडीही धुतलेली दिसली. बरं वाटलं. कुणी धुतली हे विचारायचं राहून गेलं. ती ट्रॅक्टरशेजारी लावावी म्हणून मी चावी फिरवली. सेल्फ चांगला जोरात फिरला, पण इंजिनाने घेतलं नाही. पुन्हा मारला. चोक ओढून मारला, चोक ढकलून मारला. आत नुसती घरघर आणि नाकात पेट्रोलचा वास.

गाडी चालू होत नाही हे गावात कळायला कुणाला फोन करावा लागत नाही. सगळ्यात आधी शेजारचे आप्पा आले. आप्पांचा जन्म ट्रॅक्टरवर गेलाय. ते बॉनेटमध्ये वाकले आणि लगेच म्हणाले, "एअर घेतली हिनं."

आमच्या भागात बंद पडलेलं प्रत्येक इंजिन एअर घेतं. डिझेलच्या पाइपात हवा अडकते, ती काढली की ट्रॅक्टर चालू होतो, हे इथे सगळ्यांना येतं. माझी गाडी पेट्रोलची आहे हे मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "इंजिन ते इंजिन." त्यांनी पाइप ढिला केला. पेट्रोल चांगलं धारेने आलं, त्यांच्या धोतरावरसुद्धा. पाइप परत बसवून ते म्हणाले, "आता बगा." काही झालं नाही.

मग धक्का. भाऊजींनी चार माणसं गोळा केली आणि घरापासून ओढ्याकडे जाणाऱ्या उतारावर गाडी सोडली. मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला, पुन्हा एक दिला, आणि उताराच्या तळाशी बाभळीजवळ जाऊन गप्प उभी राहिली. आता ती चालूही होत नव्हती आणि घरीही नव्हती.

भाऊजी फोनवर बोलून आले. "यवतचा भंगारवाला सोमवारी सकाळी येतोय. उद्याच आला आसता, पर दसऱ्याचं घरातनं वाहन बाहीर काढू नये म्हणून मीच थांबवला." हे त्यांनी माझ्यावर उपकार केल्यासारखं सांगितलं. मामा त्यांच्या मागोमाग आले आणि ओढ्याच्या काठावरच्या दगडावर बसले. ते निकालाची वाट बघत बसलेत असंच मला वाटलं, आणि माझं डोकं फिरलं.

राग आला की लोकांचं काम बिघडतं म्हणतात. माझं उलटं आहे. राग आला की माझे हात शांत होतात. वडिलांना फोन केला असता तर ते पहिल्या एसटीने निघाले असते, तसल्या डोळ्यांनी, म्हणून फोन केला नाही. पण त्यांची पद्धत मला पाठ होती. ते म्हणायचे, अंदाज बांधू नको. इंजिनाला करंट लागतो, पेट्रोल लागतं, हवा लागते. एकेक तपास, आणि जे ठीक आहे त्याला परत हात लावू नको. लॅबमध्येही आम्ही हेच करतो. ताप आला म्हणून कुणी सरळ मलेरियाच्या गोळ्या देत नाही, आधी रक्त बघतात.

सेल्फ जोमात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोल येत होतं, त्याचा पुरावा आप्पांच्या धोतरावर होता. हवेची जाळी काढून उन्हात धरली, उजेड आरपार आला. राहिला करंट. सांडलेलं पेट्रोल पुसून घेतलं, वास उडून जाऊ दिला. आप्पा विडी काढत होते, त्यांना ती खिशात ठेवायला लावली. मग ठिणगी पाडणाऱ्या चार प्लगांपैकी एक खोलला. भिजलेला होता. म्हणजे पेट्रोल आतपर्यंत पोचत होतं, पेटत मात्र नव्हतं. प्लग पुसून त्याच्या वायरीत खोचला, इंजिनाच्या लोखंडावर टेकवून ठेवला आणि भाऊजींना म्हटलं, "चावी मारा."

"कशाला? बॅटरी पन उतरंल."

"मारा, भाऊजी."

त्यांनी मारली. प्लगच्या टोकाशी ठिणगी नाही. मग मी करंटच्या वाटेने एक टप्पा मागे गेले. करंट तयार करणाऱ्या कॉइलची जाड वायर काढून, रबरी मुठीच्या पकडीत धरून लोखंडाजवळ नेली. "मारा." निळी ठिणगी टकटक उडाली. आप्पा मागे सरकले. मला मात्र इतका आनंद झाला की मी हसले. करंट तयार होत होता. कॉइलपासून निघत होता आणि प्लगपर्यंत पोचत नव्हता. मधे फक्त डिस्ट्रिब्युटर होता, चारही प्लगांना आळीपाळीने करंट वाटणारा काळा डबा.

त्याच्या वायरी सोडवल्या, दोन क्लिपा उघडल्या, टोपण काढलं. आतून पाणी सांडलं. टोपणाच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब होते.

"ह्यात पानी कुठनं गेलं?" आप्पा म्हणाले.

भाऊजींनी मामांकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. तेवढ्यावर मला कळलं. सकाळी मोटरचा पाइप कुणाच्या हातात होता, बॉनेट उघडून इंजिनावर फुल प्रेशरने पाणी कुणी मारलं, सगळं कळलं. नोकरीवर अट घालणारा माणूस तोच, आणि गाडी बंद पाडणाराही तोच. ते टोपण हातात घेऊन मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आमच्या घरात मामांना असं कुणी विचारत नाही.

"मामा, मुद्दाम केलंत?"

आप्पा बाभळीकडे बघायला लागले. मामांनी मान वर केली.

"मुद्दामच केलं. चांगलं घासून, आतनं-बाहीरनं. टॅक्टर न्हाई का आपन धूत तसाच? त्याला कवा काय झालंय?" ते थांबले. मग हळू म्हणाले, "सोमवारी तू दौंडात जानार. लोकांनी म्हनावं, राहूची सून आलीया. भंगार आलंय आसं म्हनू नये."

ट्रॅक्टर डिझेलचा, त्याला ठिणगी लागत नाही, त्याच्या इंजिनावर कितीही पाणी मारा. हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माझी गाडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धुतली होती, आणि ट्रॅक्टरवर करतात तितक्याच मायेने धुतली होती. मी ज्याला डाव समजत होते तो लाड होता. मला त्यांचा राग आला होता, तो गेला. पण अटीचा राग गेला नाही, तो तसाच राहिला.

टोपण मी सुती फडक्याने कोरडं केलं. वायरींची टोकं पुसली, प्लग पुसले. टोपण गाडीच्या तापलेल्या टपावर उन्हात उताणं ठेवलं. दसऱ्याच्या दिवसांत ऊन काही कमी नसतं. हात लावून पूर्ण कोरडं वाटेपर्यंत कुणालाही घाई करू दिली नाही. भाऊजींनी दोनदा विचारलं, दोनदा थांबा म्हटलं. मग सगळं जागच्या जागी बसवलं आणि या वेळी चावी मी मारली. इंजिन दोनदा खोकलं, धूर सोडला आणि लागलं.

आप्पा म्हणाले, "एअरच निघाली शेवटी." मी उतरून बॉनेट लावलं आणि परत आत बसले.

मामा खिडकीजवळ आले. चेहऱ्यावर समाधान होतं. "चल, वर घे. पूजा राहिलीय."

मी गाडी हलवली नाही. हे आत्ता, चार माणसांसमोर विचारलं नाही तर पुन्हा विचारणं होणार नाही हे मला माहीत होतं.

"मामा, आज चालू झाली. पण जुनी आहे. पुढच्या महिन्यात बंद पडेल, नाहीतर त्याच्या पुढच्या. बंद पडणारच. मग माझ्या नोकरीचं काय?"

मामांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

"मग दुसरं काईतरी बघू. जीप ठरवू, न्हाईतर मी सोडतो." खिडकीच्या काचेवर राहिलेला पाण्याचा डाग त्यांनी उपरण्याच्या टोकाने पुसला. "नोकरी काय गाडीला लागलीया व्हय? तुला लागलीया."

पहिला गिअर टाकेपर्यंत मी रडून घेतलं, आणि गाडी चढावर घातली.