पोटातलं पांढरं

माझी थोरली जाऊ जेवली की ओकायची. आधी कधीमधी, मग रोज. ओकण्यात आदल्या दिवशीची भाकरीसुद्धा तशीच्या तशी निघायची. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. झरीला आमचं ज्वारी-कापसाचं घर. माझा नवरा मानवतला आडतीवर कामाला, सणासुदीला घरी यायचा. जाऊ रानातलं बघायची आणि मी लग्न होऊन आल्यापासून चूल माझ्याकडं आली होती. तिचं दुखणं सुरू झालं ते नेमकं माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.

गावातल्या जाणत्यानं तिची नाडी धरली आणि सांगितलं, हिला कुणीतरी काहीतरी चारलंय, ते आत चिकटून बसलंय. नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. घरात रांधणारी एकटी मी होते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या पुढ्यातली काटवट उचलली, पीठ स्वतः मळायला घेतलं आणि मला गोठ्यातलं शेण काढायला पाठवलं.

मग उतारा सुरू झाला. विष उतरवायचं औषध म्हणून रिठ्याचं फेसाळ पाणी द्यायचं, त्यावर मिठाचं कोमट पाणी, आणि पोट पार रिकामं होईपर्यंत तेच. जाऊ अंगणाच्या कोपऱ्यात उकिडवी बसून ओकायची. सासूबाई काडीनं ते उकरून बघायच्या, चारलेलं पडलं का म्हणून. मी गोठ्यातून बघायची. ती काडी थांबली की माझाही श्वास थांबायचा. मी काही घातलं नव्हतं हे मला ठाऊक होतं, तरी थांबायचा.

असे दोन-तीन महिने गेले. जाऊची हाडं वर आली. थोरले दीर कमी बोलणारे, आईच्या शब्दाबाहेर न जाणारे. पण परभणीच्या कचेरीत त्यांना कुणी सांगितलं, की हैद्राबादच्या दवाखान्यात पोटाच्या आतलं दाखवणारं यंत्र आहे. त्यांनी घरी येऊन गाडी जुंपायला सांगितली. सोबत बाई कोण, हा प्रश्न निघाला. सासूबाई म्हणाल्या, मी येते. जाऊ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "धाकटी येईल. दुसरं कुणी नगं मला."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी मान खाली घातली.

परभणीपर्यंत बैलगाडी आणि पुढं रेल्वे. हैद्राबादला आम्ही धर्मशाळेत उतरलो. दवाखान्यात सगळं उर्दू, दीर बोलायचे आणि आम्ही ऐकायचो. यंत्राच्या खोलीबाहेर डॉक्टर लाल काचांचा चष्मा लावून बसले होते. मला वाटलं, यांचेच डोळे गेलेत, हे काय बघणार. दिरांनी मागून सांगितलं, आत अंधार असतो, त्याची डोळ्यांना आधी सवय करतात.

नर्स काचेच्या गिलासात पांढरं काहीतरी घेऊन आली. चुन्याच्या निवळीखाली गाळ बसतो, तसं दाट. हे प्यायल्याशिवाय पोट दिसत नाही, असं ती म्हणाली. परक्या हातचं पाणीही जाऊनं कधी घेतलं नव्हतं. तिनं तोंड फिरवलं. नर्सनं पुन्हा सांगितलं, तेव्हा ती माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हिच्या हातानं द्या."

मी गिलास घेतला. तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून मला आत जाऊ दिलं. तिला यंत्रापुढं उभं केलं, दिवा मालवला, आणि तिच्या छातीपुढची काच हिरवी उजळली. त्या हिरव्यात माझी जाऊ नव्हती. फासळ्या होत्या, पाठीचा कणा होता, आणि मध्ये काहीतरी उघडमीट करत होतं. ते तिचं काळीज आहे हे कळायला मला वेळ लागला.

डॉक्टर म्हणाले, पाजा. अंधारात चाचपडत मी गिलास तिच्या ओठांना लावला. ती प्यायली. मी दिलं ते पांढरं, पण काचेवर ते काळं उतरलं. गळ्यातून बारीक धार आली आणि खाली एका पिशवीत साठत गेली.

"दम रोको," डॉक्टर म्हणाले.

फासळ्या थांबल्या. काळीज तेवढं हलत राहिलं. आणि ते काळं पिशवीच्या तळाशी जाऊन बसलं, पुढं सरकेना. जाणता म्हणाला होता, आत चिकटून बसलंय. ते मी माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि गिलास माझ्याच हातात होता. त्या घटकेला मला खरंच वाटलं, की मीच हे केलंय.

पुढं दिवसभर थांबवून फोटो काढले. संध्याकाळी डॉक्टरांनी दिरांना समजावलं. पोटाचं खालचं तोंड आवळत आलंय, अन्न पुढं जायला वाट नाही. ऑपरेशन करता येईल, पण हिच्या अंगात ते सोसायची ताकद उरलेली नाही. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस काय औषध दिलं. दिरांनी उताऱ्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "जहर तो थाच नहीं. उतारा कायका देते थे?"

पातळ पेज, दूध थोडं थोडं पाजा, अंगात रक्त येऊ द्या आणि घेऊन या, असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला सोडलं. ते पांढरं धर्मशाळेतच तिच्या पोटातून पडायला लागलं. परसाकडला मीच तिला धरून नेत होते, मीच ते पाहिलं. घरी निघायच्या आधी ते पडायचं थांबलं होतं.

झरीला आलो तेव्हा अंगणात माणसं जमली. दिरांनी फोटोची फिल्म उन्हाकडं धरली. यंत्रात काळं दिसलेलं फिल्मवर पांढरं उमटलं होतं, काळ्या अंगात पांढरी मोट लोंबकळावी तसं. सासूबाईंनी जवळ येऊन त्यावर बोट ठेवलं आणि हे काय, असं विचारलं. दीर म्हणाले, ती दवा आहे, फोटोसाठी पाजावी लागते. कुणी पाजली, असं सासूबाईंनी विचारलं. दीर खोटं बोलणारे नव्हते.

"धाकटीनं," ते म्हणाले.

आतून जाऊचा आवाज आला. "मी मागून घेतलं. तिच्या हातचं म्हनून पेले."

तिचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं, पण नजरा त्या फिल्मवरच होत्या. ते पांढरं पडून गेलंय, हे मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या तोंडून ते कुणाला पटणार होतं?

दिरांनी उताऱ्याला मनाई केली. पण ते रानात गेले की सासूबाई रिठे भिजत घालायच्या. मी एकदा भांडं लवंडून दिलं, तर त्यांनी दुसरं घातलं. जाऊला मी म्हणाले, आक्का, घेऊ नका. ती म्हणाली, "घेतलं तर आत्याबाई तुला बोलत न्हाईत. राहू दे." ज्वारी पोटऱ्यात आली होती तेव्हा ती गेली.

दहावा झाल्यावर सासूबाईंनी फिल्म चुलीत घातली. ती भडकन पेटली आणि घरभर उग्र वास सुटला. गावात म्हणाले, करणी जळाली.

त्यानंतर मी बरंच आयुष्य काढलं. निजाम गेला, सासूबाई गेल्या, आणि शेवटच्या आजारात त्यांचंही मीच केलं. अजून पंगतीत कुणी ताक प्यायला लागलं की ते काळं होऊन आत उतरताना मला दिसतं. मी दुसरीकडं बघते.

जाऊची मुलगी तेव्हा तीन-चार वर्षांची होती. तिला मीच वाढवलं. ताट वाढून पुढं ठेवलं की ती हात मांडीवर ठेवून बसायची. मी त्यातला एक घास मोडून तोंडात टाकला की मग जेवायला लागायची. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी कधी रागावले नाही. ती सासरी गेली, तिला मुलं झाली. माहेरपणाला आली तरी तसंच. एकदा मी धीर करून विचारलं, की बाई, तू का थांबतेस.

ती बिचारी गोंधळून गेली. "कशाला म्हंजे? सवय हाय, काकू."

मग ती थांबली. मी घास घेतला, आणि ती जेवायला लागली.