अंगणातल्या नळाची गंगा

कलकत्त्यातलं आमचं भवानीपूरचं भाड्याचं घर जुनं होतं, आणि तिथल्या जुन्या घरांत दोन नळ असायचे. एक स्वयंपाकघरात, पिण्याच्या पाण्याचा. दुसरा अंगणात, हुगळीचं पाणी न गाळता जसंच्या तसं आणणारा. तो अंगण धुवायला आणि संडासाला. बदलीवर आलो त्याच दिवशी ह्यांनी बजावलं होतं, अंगणातल्या नळाचा थेंबही तोंडात जाता कामा नये. हे सरकारी खात्यात पाणीपुरवठ्याचे इंजिनियर. लग्नाच्या पंगतीतही पेला उजेडात धरून बघणारा माणूस.

सासूबाईंना मात्र तो नळ बघून गहिवरून आलं. हुगळी म्हणजे गंगाच. आमच्या साताऱ्याच्या घरी काशीहून आणलेलं गंगेचं लहानसं भांडं होतं, तोंड झाळून बंद केलेलं. घरातलं कोणी जायला टेकलं की ते फोडायचं आणि दोन थेंब तोंडात घालायचे. आणि इथे तीच गंगा लोक संडासात ओततात! त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मग माय-लेकांत तह झाला. देवांनी आधी गंगेने न्हायचं आणि ते पाणी तुळशीला घालायचं. मग पिण्याच्या पाण्याने पुन्हा एकदा न्हायचं, ते तीर्थ. तांब्याचा गडवा गंगेचा, पितळेचा तीर्थाचा. सासूबाईंनी कधी अदलाबदल होऊ दिली नाही.

मुलगी पाच वर्षांची होती, म्हणजे सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी पितृपक्षात पाऊस असा लागला की थांबेचना. वरच्या जिल्ह्यांत नद्या फुटल्या. लहान लहान गावांची पाणीयंत्रं बुडाली, आणि ती पुन्हा चालू करायला मदत म्हणून ह्यांना पाठवलं. जाताना टेबलावर टाईप केलेला एक कागद ठेवून गेले. आमच्याकडे सरकारी फोन होता. एस्प्लनेडच्या ऑफिसात कोणी पोचलं नाही तर गावोगावचे पंपवाले इथे फोन करतील, तेव्हा हे वाचून दाखव, एवढंच म्हणाले. कागदाच्या मागे मला समजेल असं बंगाली देवनागरीत लिहून दिलं होतं.

झालं तसंच. दुसऱ्या दिवशी बेहालाकडचे रस्ते पाण्याखाली गेले, ऑफिसातले निम्मे कारकून तिकडचे, कोणी पोचेना. आणि घरातला फोन खणखणायला लागला. मी पदर खोचून वाचत सुटले. मोटर उघडून वाळवल्याशिवाय पंप चालू करू नका. टाकीतला गाळ आधी काढा. ब्लीचिंग पावडर इतकी, पहिलं पाणी सोडून द्या. आणि शेवटी प्रत्येकाला, "जल फुटिये खाबेन." पाणी उकळून प्या. माझं बंगाली ऐकून एकजण हसला, त्याला मी मराठीत झापलं. खरं तर मला रडायला येत होतं. प्रत्येकाला मी विचारायची, साहेब तिकडे आलेत का? एकाने सांगितलं, काल होते, नावेतून पुढे गेले. पुढे म्हणजे कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर कोणालाच माहीत नव्हतं. रेडिओवर बातम्या लागल्या की मी गावांची नावं ऐकायची, आणि ह्यांच्या वाटेवरचं गाव आलं की आवाज मोठा करायची.

अशाच एका सकाळी सासूबाईंनी दारातून हाक मारली. "अगं, पूजेला पाणी हवंय. आतला नळ कोरडा आहे, आणि अंगणात मला उतरवत नाही."

वीज नव्हती, म्हणून घरातला पंप बंद आणि पिण्याचं पाणी नव्हतं; अंगणातला नळ थेट रस्त्यावरच्या नळाचा, तो चालू होता. उकळलेलं पाणी एका हंड्यात राखलं होतं. फोन वाजत होता. मी चडफडत दोन्ही गडवे घेतले, घोटाभर पाण्यातून अंगणात गेले आणि दोन्ही त्या एकाच नळाखाली भरले. हंड्यातलं पाणी प्यायचं होतं, ते देवाला कशाला, असं माझ्या डोक्यात होतं. तीर्थ प्यायचं असतं, हे मनातच आलं नाही. आपण तीर्थ घेतो, पाणी पितो. गडव्यात पाण्याचा रंग कळत नाही, आणि सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

तो पितळी गडवा तिसऱ्या दिवसापर्यंत पुरला. मुलीला तीर्थ फार आवडायचं, तुळशीचं पान असायचं म्हणून. एकदा आजीच्या उजव्या बाजूने हात पुढे करायची, एकदा डाव्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला जुलाब सुरू झाले. पहिल्या दोन वेळा मी लक्ष दिलं नाही, पावसाळी हवा म्हणून सोडून दिलं. दहाच्या सुमाराला कुठल्याशा लहान गावच्या पंपवाल्याचा फोन आला. म्हातारा असावा, फार अदबीने बोलत होता. मी सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मा, एकटा कथा. ठाकुरेर जल-ओ की फोटाते होबे?" आई, एक विचारतो, देवाचं पाणीसुद्धा उकळायचं का? लोक प्यायचं पाणी उकळतील, म्हणाला, पण चरणामृताला तेच नदीचं पाणी घेतात. त्यांना काय सांगू?

मी कागद उलटून पालटून पाहिला. कागदावर देवाचं पाणी नव्हतं. मग मी मान वळवली. समोर देवघराशी सासूबाई उभ्या होत्या, आणि अंगात त्राण नसलेली माझी पोर भिंतीला टेकून त्यांच्यापुढे ओंजळ धरून होती.

माझ्या हातून फोन सुटला. मी धावत जाऊन तिच्या हातावर चापटी मारली. पाणी जमिनीवर सांडलं. जमीन पांढरी होती, त्यावर ते पाणी मातकट दिसलं. सासूबाईंनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पितळी गडवा उचलला आणि मोरीत रिता केला.

दुपारपर्यंत मुलीचे डोळे आत गेले. गल्लीच्या टोकाला राहणारे डॉक्टर धोतर गुडघ्यावर घेऊन पाण्यातून आले. रस्ते बंद, हॉस्पिटलात नेणं अवघड आहे, म्हणाले. उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमचा-चमचा पाजत राहा, थांबू नका. आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. उभी राहिली तर काहीही करून मला बोलवा.

मी चिमटा धरायची आणि सोडायची. कातडी उभी राहायची, आणि मग सावकाश, अगदी सावकाश खाली बसायची. शेजारणीला पाठवून डॉक्टरांना पुन्हा बोलावलं, तेही तिच्या उशाशी बसून राहिले. आजही पिठाचा गोळा मळताना बोटाची खूण हळूहळू भरून येताना दिसली तरी मला ती दुपार आठवते आणि मी नजर फिरवते. सासूबाई शेगडीपाशी बसून पाणी उकळत होत्या. एक पातेलं उतरलं की दुसरं चढवायच्या. फोन वाजत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! अर्ध्या बंगालला पाणी उकळायला सांगणारी मी. माझ्याच घरातली माझीच पोर मी मारायला काढली होती.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तिला लघवी झाली. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. मी अंथरुणाशी बसल्या बसल्या हुंदके देत रडले.

चौथ्या दिवशी हे आले, दाढी वाढलेली, पायांना चिखल्या. मुलीला बघून त्यांचा पहिला प्रश्न तोच. "कुठलं पाणी प्यायली?"

मी तोंड उघडलं. त्याआधी सासूबाई म्हणाल्या, "मी दिलं. अंगणातलं. म्हटलं गंगाच ती, काय होतंय."

हे आईवर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. अडाणी म्हणाले, जुनाट म्हणाले. नातीच्या जिवापेक्षा तुला तुझी गंगा मोठी का, असं विचारलं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मी गप्प बसले. मला ह्यांची भीती वाटली, हे खरं आहे, आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर स्वयंपाकघरात मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर म्हणाल्या, "राहू दे. त्याला बायकोवर भरवसा हवा. आईचं काय, आई चुकतेच." त्या दिवसापासून त्या तीर्थाचं पाणी स्वतः उकळायच्या. दिवाळीला देवाला ऊन पाण्यानेच न्हाऊ घालतो ना आपण, असं शेजारणीला सांगायच्या. त्या पंपवाल्याचा फोन पुन्हा आला नाही. त्याला सांगायला माझ्याकडे आता उत्तर होतं.

ह्यांना मी खरं कधीच सांगितलं नाही.

अकरा वर्षांनी सासूबाई वारल्या, साताऱ्याच्या घरी. शेवटच्या सकाळी ह्यांनी ते झाळलेलं भांडं फोडून माझ्या हातात दिलं. सगळे जमलेले, सासूबाईंचा श्वास अडकलेला, आणि मी भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला. पाणी पातेल्यात ओतलं, उकळलं, ताटलीत घालून पंख्याने गार करत बसले. नणंद दारात येऊन ओरडली, "वहिनी, वेड लागलंय का? गंगा उकळतेस?" हेही आले. पातेल्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

ते पाणी निववून मी सासूबाईंच्या ओठांत दोन थेंब घातले. त्यांनी गिळले.