धुरा दोघांचा असतो

जे एका घासात गिळता येत नाही ते तोडून घ्यावं आणि तोडलेलं पुन्हा नीट जोडावं, एवढ्या एका तत्त्वावर नदीपासून संसारापर्यंत सगळं चालवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मूल या आमच्या गावी, आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत ते राहायचे. मी धानाच्या गिरणीवर जन्म घालवलेला माणूस. माणूस दिवसभर खुर्चीत बसून काम करतो म्हणजे नक्की काय करतो, हे मला त्यांच्याकडे बघून कधीच कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "नदीले जाळी घालून राह्यलो, भाऊ."

पूर आला तर पाणी कुठवर चढेल, हे संगणकाकडून काढून घ्यायचं असेल तर आधी नदीचं पात्र, काठ आणि काठावरची शेतं बारीक बारीक त्रिकोणांनी झाकावी लागतात म्हणे. ते त्रिकोण इतके होतात की एका संगणकाच्या पोटात मावत नाहीत. म्हणून नदीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची जाळी वेगळ्या संगणकावर विणायची आणि शेवटी सगळे तुकडे जोडायचे. नागपूरच्या कुठल्याशा कंपनीसाठी त्यांचं हे काम चाले. मी एकदा म्हटलं, "आधी तोडाचं, मंग जोडाचं. हा उपद्व्याप कायले?" तेव्हा त्यांनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं. मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं होती, एकीला लागून एक. "हे पाहा भाऊ, हरेक बांधी वेगळी, रोवणारे वेगळे. पण मधातला हा मातीचा बांध, धुरा, तो दोघांचा असते. तो एकट्यानं हालवाचा नाई. आधी धुरा ठरवाचा, मंग ज्यानं त्यानं आपली बांधी भरावी. जोडतानी कटकट नाई."

हे तत्त्व नदीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. माझ्या पुतणीच्या लग्नात वाढपाची व्यवस्था त्यांच्याकडे दिली, ही मलाच आठवलेली अवदसा. त्यांनी मांडवाचे चार तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला वेगळे वाढपी नेमले आणि दोन तुकड्यांच्या मधली पंगत 'धुऱ्याची पंगत' म्हणून जाहीर केली. धुरा दोघांचा, तेव्हा त्या पंगतीला दोन्हीकडून वाढायचं! तिथल्या लोकांना बुंदी दुप्पट मिळाली. ही बातमी मांडवभर पसरल्यावर जो तो धुऱ्यावर बसायला धावू लागला आणि बाकीच्या पंगती ओस पडल्या. व्याही माझ्याकडे बघत होते आणि मी मांडवाच्या कापडाकडे. साडूभाऊंना मात्र काडीचाही खेद नव्हता. "जोड पक्की होती ना पण?" एवढंच त्यांनी विचारलं.

हसू येतं खरं, पण या सगळ्या वेडामागे एक दुखरी जागा होती आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, राज्याच्या पार सीमेवर सिरोंच्याला शाळेत शिकवते. बदली पुढच्या वर्षी होईल, पुढच्या वर्षी होईल, असं करता करता दोघांच्या डोक्यात पांढरे केस आले. त्यांनी तिकडे जावं तर तिथे नेट धड नाही, वीज धड नाही, आणि यांचं सगळं पोट त्या दोन तारांवर. म्हणून त्यांनी संसाराचेही दोन तुकडे केले आणि धुरा ठरवला. सकाळी फोनवर भाजी ठरायची, संध्याकाळी दोन्हीकडे तीच शिजायची. एकदा तिनं गोंगुरा सांगितला, तर हा माणूस मूलच्या आख्ख्या बाजारात गोंगुरा शोधत फिरला. शेवटी एका भाजीवालीनं अंबाडीची जुडी हातात कोंबली आणि म्हणाली, "हेच व्हय जी ते, तिकडचे लोक गोंगुरा म्हणतेत याले." दोन्ही स्वयंपाकघरांतले डबेही एकाच क्रमाने लावलेले होते. ती सुट्टीत मूलला आली की न बघता हात लांब करायची आणि हवा तो डबा हाताशी यायचा. ते बघून साडूभाऊंचा चेहरा असा काही फुलायचा की मला उगाच माझ्या बायकोशी भांडलेलं आठवायचं.

त्यांच्या नशिबाने कामाला नदीही तीच आली होती. आमच्याकडची वैनगंगा पुढे वर्धेला मिळते, दोघी मिळून प्राणहिता होतात आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरतात. म्हणजे आमच्या बाजूला सुरू झालेली यांची जाळी थेट बायकोच्या दारापर्यंत जायची. सगळीकडे बेताचे त्रिकोण, पण सिरोंच्याच्या घाटाशी अगदी मोहरीएवढे. कंपनीने विचारलं, इथे एवढं बारीक काऊन? हे म्हणाले, "तिथी गरज आहे." गरज एवढीच, की मेहुणी संध्याकाळी त्या घाटावर जाऊन बसते.

पण तिथेच घात झाला. घाटाचा तुकडा त्यांनी बारीक केला आणि शेजारच्या तुकड्याची कड तशीच ठेवली. जोडल्यावर दोन कडांचे बिंदू जुळेनात, आणि संगणकातल्या पुराचं पाणी त्या शिवणीतून गळून नाहीसं व्हायला लागलं. साडूभाऊंनी जेवण टाकलं. चूक सापडली तेव्हा मला म्हणाले, "दोन्ही तुकडे बरोबर होते, भाऊ. मी एका आंगानं धुरा हालवला, दुसऱ्या आंगाले सांगतलंच नाई."

त्याच वर्षी दिवाळीत मेहुणी आली. भाजीला फोडणी दिली, न बघता मिठासाठी हात लांब केला आणि तिच्या हाती लागली नेटची दिवे लुकलुकणारी डबी. तिथेच बरा सिग्नल मिळतो म्हणून यांनी मिठाचा डबा वरच्या फळीवर ढकलला होता.  तिनं गॅस बंद केला आणि खाली बसली. म्हणाली, "एवढी नदी जोडता जी तुम्ही, अन् एक मिठाचा डबा जागेवर नाई ठेवता आला? मले इथी आता पाव्हण्यावानी वाटते." आम्ही दोघं नवरा-बायको दारात उभे होतो. तसेच परत फिरलो.

ती गेल्यावर साडूभाऊ ओसरीत येऊन बसले. "चाललो, भाऊ. तुकडे लय दिवस दूर राह्यले की धुरा आपोआप हालते."

"अन् तुमचं नेट?"

"पहाटे चालते म्हणे तिथी. उठत जाईन."

आठाच्या आत कधी डोळा न उघडलेला माणूस हे बोलत होता. मी त्यांना थांबवायला पाहत होतो, आणि ते त्यांच्या भल्यासाठी नव्हे. संध्याकाळी ओसरीत माझ्या चहाला टपून बसलेलं, बशीतल्या बिस्किटाचेही चार तुकडे करून खाणारं ते ध्यान आता दिसणार नाही, या विचारानं मला वाईट वाटत होतं. अजून वाटतं.

ते गेले. खोल्या भाड्याने द्यायचं मी बोलून बघितलं, तर बायको म्हणाली, "सुट्टीत आली तर माही बहीण उतरंल कुठी?" परवा त्यांचा फोन आला. जाळीची गोष्ट नाही, बदलीची गोष्ट नाही. म्हणाले, "भाऊ, इथी नवं कपाट घेतलं. मीठ आता खालच्या फळीवर, डाव्या हाताले. तिथीबी तसंच करून घेजा." मी हसलो, त्यांना येडा म्हणालो आणि फोन ठेवला. मग आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. कुलूप उघडलं, डबे खाली उतरवले, मीठ खालच्या फळीवर डाव्या हाताला ठेवलं. बायकोनं झाकण काढून बघितलं. मिठाला पाणी सुटलं होतं. तिनं डबा धुतला, पुसून कोरडा केला आणि आमच्या घरातलं मीठ आणून त्यात भरलं.