डोहाळ्यांची चिलापी

आमच्या पळसदेवात मी जन्मापासून अधाशी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईच सांगायची ना! "हिच्या येळंला माझं लई डोहाळं पुरवलं. धरणातली चिलापी मासळी मागितली की चिलापी, शेंगदाण्याची पोळी मागितली की पोळी. प्वार पोटातच चटावलं." बायका हसायच्या, मीही हसायचे. मला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढंही तिनं हेच सांगितलं. स्थळं परत गेली. मी लोणी देवकरला कंपनीत नोकरीला लागले आणि आईपाशीच राहिले. आज चाळिशीतही दुसरी भाकरी घेताना आधी तिच्या डोळ्यांकडं बघते.

यंदा रक्तातली साखर वाढली म्हणून बारामतीला डॉक्टरीणबाईंकडं गेले. आई सोबत होती, माझी तक्रार करायला. बाईंनी तिलाच विचारलं, "ही पोटात असताना तुमचं खाणंपिणं कसं होतं?"

तिथं गावातलं कुणी ऐकत नव्हतं. आई मोठ्या अभिमानानं म्हणाली, "अर्धी भाकर. मूल थोर झालं की बाळंतपणात आडतं, म्हणून सासूबाई जास्ती खाऊ देत न्हवत्या. पर बघा, घरीच सुखरूप मोकळी झाले."



बाई समजावत होत्या. पोट भरलं हे मेंदूला कळावं लागतं, त्या निरोपात सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा हात असतो. पोटातल्या बाळाची उपासमार झाली तर त्याच्या जनुकांवर खुणा राहू शकतात. जनुकं तीच, पण त्यांचं काम बदलतं, आणि मग पोट भरल्याचा निरोप अर्धवटच पोचू शकतो. माझ्या बाबतीत तेच झालं असेल, असं मात्र त्या ठामपणे सांगेनात. मला तेवढंही पुष्कळ होतं.

परतताना एसटीत मी विचारलं, "मग ती चिलापी कुठनं आली?"

"सुनंला उपाशी ठिवलं म्हणून गावभर सांगायचं व्हय? घराची अब्रू हाय का न्हाय?"

"आणि माझी?"

ती खिडकीबाहेरचा ऊस बघत बसली. मला संताप आला होता, रडूही येत होतं. पण बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. निदान आता ती गोष्ट तरी बंद होईल, असं वाटलं.

चार दिवसांनी शेजारच्या काकू आल्या तेव्हा मी जेवत होते. माझ्या ताटाकडं बघून त्या आईला हसत म्हणाल्या, "लेकीच्या येळंला डोहाळं लई पुरवलं बाई तुझं!"

मी घास हातातच धरून आईकडं बघितलं.

"व्हय तर," माझ्याकडं न बघता ती म्हणाली. "चिलापी मागितली की चिलापी."