शिट्टीबाईंचा मोबाइलचा वर्ग

“आता हरवा,” शिट्टीबाई म्हणाल्या.

आम्ही सातजण पोहण्याच्या तलावाबाहेरच्या लांब बाकावर, ओल्या केसांनी, आपापले मोबाइल हातात घेऊन बसलो होतो. हरवा म्हणजे काय करा, कोणालाच कळेना.

“काय हरवू? फोन?” कॅशियरनी विचारलं. ते बँकेतून निवृत्त झालेले. दिवसातून एकदा तरी चेष्टा केली नाही तर त्यांना अन्न पचत नाही.

“फोन नाही, तुम्ही हरवा. वाटेल ते बटण दाबा. परत कसं यायचं ते कळणार नाही, अशा जागी जाऊन पोचा. मग मी परत यायला शिकवते.”

ही त्यांची रीत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी याच तलावावर पोहायला शिकवण्यात घालवली. गावातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा पाण्यात त्यांनीच उतरवलंय. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलांनी नाव ठेवलं शिट्टीबाई. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. पहिल्या दिवशी त्या मुलाला हातपाय मारायला शिकवत नसत. आधी डोकं पाण्याखाली घालायला लावत. “खाली गेलास की पाणी आपोआप वर आणतं, हे एकदा बघ. मग भ्यायचं काय राहिलं?” असं म्हणत. गुडघे गेले तशी त्यांनी नोकरी सोडली, पण सकाळी सहाच्या आमच्या म्हाताऱ्यांच्या तुकडीत त्या रोज येतात. शिट्टी अजून गळ्यात असतेच.

मोबाइलही त्या अशाच शिकल्या. नवा फोन घेतला आणि पलंगावर मांडी ठोकून दिसेल ते बटण दाबलं. पहिल्याच दुपारी फोनची सगळी भाषाच बदलली. कुठल्या मुलखातली होती देव जाणे, एक अक्षर लागेना. घरात दुसरं माणूस नाही. मग चित्रं बघत बघत, या दारातून त्या दारात जात, तास-दीड तासाने त्या आपल्या भाषेत परत आल्या. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकतात, की वाटावं बाईंनी खाडी पोहून पार केली.

हा वर्ग सुरू झाला तो तलावाच्या दारावर लागलेल्या सूचनेमुळे. पुढच्या महिन्यापासून कायमच्या तुकड्या बंद. येणाऱ्या आठवड्याची जागा प्रत्येकाने शनिवारी सकाळी दहा वाजता आपल्या मोबाइलवरच्या ॲपवरून धरायची. एका नंबरावर एकच जागा. आणि दर वेळी त्या नंबरावर कोड येणार, तो घातल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

वाचून आमचं धाबं दणाणलं. सहाची वेळ तरुणांनाही हवी असते, आणि त्यांची बोटं म्हणजे वीज. आम्ही चष्मा शोधेपर्यंत जागा संपणार.

आम्हा इतरांची गैरसोय होणार होती, एवढंच. लिफ्टकाकांचं तसं नव्हतं. एका मोठ्या इमारतीत त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. मागच्या वर्षी झटका आला आणि उजवी बाजू अर्धी गेली. जमिनीवर चार पायांच्या काठीशिवाय पाऊल पडत नाही, आणि काठी असली तरी शेजारी कोणीतरी लागतंच. पण गळ्याएवढ्या पाण्यात ते एकटे चालतात. काठी नाही, हात नाही, कोणी नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज पाणी मिळालं तर पाय टिकेल. खंड पडला की आखडेल, आणि आखडलेला पाय परत सुटेलच असं नाही.

“मुलाला सांगा ना जागा धरायला,” व्यवस्थापक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. नियम वरून आला होता.

“तो शनिवारी कामावर असतो, आणि कोड येणार माझ्या फोनवर,” लिफ्टकाका म्हणाले. मग काठी जवळ ओढत म्हणाले, “शिवाय तो मला आंघोळ घालतो. तेवढं पुरे आहे.”

शिट्टीबाईंनी ते ऐकलं आणि त्याच दिवशी बाक भिंतीला लावून वर्ग भरवला.

हरवण्याच्या धड्यात काय धमाल आली! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या कपाळाचे चाळीसेक फोटो काढले. कॅशियरनी चुकून व्याह्यांना फोन लावला आणि उचलल्यावर काय बोलावं ते न सुचून त्यांच्या म्हशीची चौकशी केली. व्याह्यांकडे म्हैस नव्हतीच. आम्ही पोट धरून हसलो. प्रत्येकजण हरवला आणि प्रत्येकाला बाईंनी परत आणलं. फोनला हात मात्र एकदाही लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्या वाकून बघत आणि म्हणत, “खालची रेघ वर सरकवा. बघा, उघडलेली सगळी दारं दिसली. हवं ते निवडा.”

लिफ्टकाकांची अडचण वेगळी होती. त्यांचं बोट काचेवर टेकलं की लवकर उचललं जाईना. फोनला वाटे, यांनी दाबून धरलंय, आणि तो भलतंच काहीतरी उघडून दाखवी.

“आयुष्यभर बटणं दाबली हो,” ते वैतागून म्हणाले, “पण ती बटणं बिचारी ऐकायची!”

“हेही ऐकेल. त्याला जरा धीराने घ्यायला सांगू,” बाई म्हणाल्या. रात्री घरी त्यांनी स्वतःचा फोन धुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी आल्या त्या जवळजवळ धावतच. “सापडलं! बोट किती वेळ टेकलं म्हणजे ‘दाबून धरलं’ समजायचं, ते सेटिंगमध्ये वाढवता येतं!” काकांकडून त्यांनी ते करून घेतलं. मग म्हणाल्या, “आता थंड पाण्याला अंगठा लावून बघतो ना, तसं बोट लावा. लावलं, काढलं.” काकांनी लावलं, काढलं, आणि बरोबर तेच पान उघडलं. त्यांनी फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला.

मग सुरू झाली तालीम. ॲप आधीच सुरू झालं होतं आणि चालू आठवड्याच्या रिकाम्या वेळा त्यावर केव्हाही धरता येत. दुपारी दोनच्या उन्हात तलावावर कोणी फिरकत नाही, म्हणून बाईंनी आम्हाला तीच वेळ रोज धरायला आणि लगेच रद्द करायला लावली. व्यवस्थापक चक्रावले. “दुपारी दोनला एकाएकी एवढी गर्दी, आणि येत तर कोणीच नाही,” असं ते तिकीट खिडकीतल्या मुलीला सांगताना ऐकू आलं. कॅशियर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “हवा बदललीय साहेब.”

तालमीत बाईंचा एक नियम होता, पाण्यातलाच. आमच्या तुकडीत सगळ्यात हळू माणूस शिडी उतरून पाण्यात आल्याशिवाय बाकीचे काठ सोडत नाहीत. इथेही तेच. शेवटच्या माणसाची जागा पक्की होईपर्यंत कोणी शेवटचं बटण दाबायचं नाही. कोणी मागे राहू नये म्हणून त्यांनी केलेला हा नियम त्यांच्याच अंगाशी येणार आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शनिवार उजाडला. पावणेदहालाच आम्ही बाकावर. डॉक्टरीणबाईंनी चष्म्याच्या काचा पुसून पुसून झिजवल्या. लिफ्टकाकांच्या कपाळावर घाम. दहा वाजले आणि शिट्टी अशी वाजली की खिडकीतल्या मुलीच्या हातून पेन पडलं.

नंबर घातला. कोड आला. कोड घातला. सोमवारपासूनचा आठवडा, सकाळी सहा. पडद्यावर आकडा आला: जागा शिल्लक वीस. खाली हिरवं बटण, ‘पक्की करा’.

आणि सहाच्या सहा बोटं त्या बटणावर अधांतरी थांबली.

लिफ्टकाका मागे होते. कोड बघायला म्हणून त्यांनी निरोप उघडला होता, आणि आता ॲप दिसेनासं झालं होतं. पडद्यावर त्यांच्या मुलाचे जुने निरोप आले होते, औषध घेतलं का, जेवण झालं का.

सतरा. चौदा.

“दाबा!” शिट्टीबाई ओरडल्या. “थांबलात काय? दाबा की!”

“शेवटचा माणूस पाण्यात आल्याशिवाय काठ सोडायचा नाही, हे कोणी शिकवलं?” कॅशियर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले.

“अहो, ते पाण्यातलं! इथे आपापलं पोहायचं!”

“आम्हाला एकच पोहणं येतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या बाई पूर्वी दाखवायला आलेल्या माणसाला तोंड उघडायलाही उशीर करू देत नसत.

अकरा.

“दाबा हो तुम्ही,” लिफ्टकाका काकुळतीला आले. “माझ्यासाठी तुमच्या जागा घालवू नका.”

“बोलू नका, फोनकडे बघा!” सगळे एकदमच ओरडले.

शिट्टीबाई काकांसमोर उकिडव्या बसल्या. गुडघे कुरकुरले तरी बसल्या. हात पाठीमागे नेऊन त्यांनी स्वतःची मनगटं इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. नुसतं बोट पुढे केलं असतं तर पापणी लवायच्या आत काम झालं असतं. त्यांनी ते केलं नाही.

“काका, हरवलात ना? छान. परत या.”

काकांनी श्वास घेतला. पडद्याच्या तळाशी बोट टेकवलं आणि वर सरकवलं. उघडलेली दारं ओळीने समोर आली. तलावाच्या निळ्या चित्राला त्यांनी बोट लावलं, काढलं. ॲप तिथेच थांबलं होतं. कोडाचे आकडे ते तोंडाने मोठ्याने म्हणत एकेक घालू लागले, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही म्हणू लागलो. तिकीट खिडकीतली मुलगीही म्हणत होती.

नऊ. आठ.

सोमवार. सहा. हिरवं बटण. लावलं, काढलं.

एक क्षण काहीच झालं नाही. मग पडदाभर हिरवी खूण आणि खाली अक्षरं: ‘तुमची जागा पक्की झाली आहे.’

“उतरले!” कॅशियर गर्जले, आणि बाकीची सहा बोटं एकदम पडली. तेवढ्या वेळात बाहेरच्या कोणीतरी दोन जागा उचलल्याच होत्या. पाच फोनांवर हिरवी खूण आली. डॉक्टरीणबाईंच्या फोनवर लाल अक्षरं आली, जागा संपल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवून ती लाल अक्षरं नीट वाचली.

“हरले की मी!” त्या म्हणाल्या आणि असं खळखळून हसल्या, की आम्हालाही राहवेना. “साताची वेळ आहे अजून. थांबा, कोणी हलवू नका मला!” आणि त्यांनी तिथल्या तिथे साताची जागा धरलीसुद्धा.

शिट्टीबाईंनी स्वतःचा फोन पिशवीतून बाहेरच काढला नव्हता. ते कॅशियरच्या लक्षात आलं, तेव्हा साताचीही वेळ भरली होती. “माझ्या गुडघ्यांना आठला ऊन लागलेलं बरं,” असं म्हणून त्यांनी आठची जागा धरली, आणि त्यावर कोणाला बोलू दिलं नाही.

लिफ्टकाकांचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते मुलाला फोन लावत होते. पलीकडून घाबरलेला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, “बाबा, काय झालं? पडलात का?”

“पडतोय कशाला? ऐक. सोमवारी सहाला मला तलावापाशी सोड. जागा आहे माझी. नाही रे, कोणी करून दिली नाही. मी धरली. मी!”

सोमवारी तलावात नवे चेहरे होते, लांब हातांची, वेगाने पोहणारी तरुण मंडळी. आम्ही काठाला धरून उभे राहिलो. लिफ्टकाका एकेक पायरी करत शिडी उतरले. त्यांनी काठी वर मुलाच्या हातात दिली, मग शिडीचा दांडा सोडला आणि चालू लागले. पोहणारी मुलं लाटा उडवत बाजूने जात होती, काका त्या लाटांत डुलत, छाती पुढे काढून, समोरच्या भिंतीकडे निघाले होते. आठची जागा असलेल्या शिट्टीबाई सहालाच येऊन काठावर उभ्या होत्या. ओठांत शिट्टी होती, पण वाजवत नव्हत्या.

काका पलीकडच्या भिंतीला पोचले. तिथून वळून ओरडले, “बाई, पुढच्या वेळी तुमची जागा आधी धरायची! आम्ही सगळे थांबतो!”