आधी घाट चाखायचा

भिकुबाईचं नाव निघालं की आजही माझे कान तापतात. रागानं नव्हे हो, लाजेनं. पण आमच्या शिंदखेड्यात तिच्या तोडीची बाई झाली नाही, हे मी, कुंदाबाई, छातीठोकपणे सांगते.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शाळेच्या एका वर्गात आम्हा बायकांसाठी उद्योगाचं शिक्षण भरलं. बारा दिवसांचं. शिकवायला धुळ्याहून तोताराम सर यायचे. बाजाराजवळची पत्र्याची शेड रिकामी पडली होती. शेवटच्या दिवशी जी उत्तम व्यवस्थापक ठरेल, तिला ती मिळणार होती. मला ती हवी होतीच, मी दहावी पास! भिकुबाईलाही हवी होती. जन्मभर ती लोकांच्या अंगणात ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे, म्हणजे घाटाचे, पापडासारखे बिबडे थापत आली, स्वतःचे थापायला तिला हातभर जागा नव्हती. सहीच्या जागी अंगठा, आणि म्हणे शेड! मी तिच्या तोंडावर हसले होते.

सर फळ्यावर फारसं लिहायचेच नाहीत, खेळ खेळवायचे. पाचव्या दिवशी त्यांनी आमच्या दोन कंपन्या केल्या. चिठ्ठ्या टाकल्या, तर एकीची व्यवस्थापक मी, दुसरीची भिकुबाई. समोर रद्दी आणि खळीची वाटी. अर्ध्या तासात कागदी पिशव्या करायच्या, आकडा आधी सांगायचा. व्यवस्थापकानं खुर्चीवर बसायचं, कामाला हात लावायचा नाही. दोघींनीही शंभर सांगितल्या. सर चहाला बाहेर गेले आणि भिकुबाई खुर्ची सोडून खाली मांडी घालून बसली. सवय! त्यात तिच्या चार बायका उठून आमच्याकडे आल्या, कारण आम्ही मागे पडलो होतो. आमच्या गल्लीत बिबड्यांच्या दिवसांत अशीच रीत. आपलं आटोपत आलं की बाई शेजारणीच्या अंगणात थापायला जाऊन बसते, कोणी बोलवायची वाट पाहत नाही.

सर आले. माझ्या शंभर भरल्या, तिच्या सत्तरच. ‘‘भिकुबाई, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत,’’ सर म्हणाले. बिचारीचा चेहरा एवढासा झाला. घरी जाताना पदरानं डोळे पुसत होती, मी मागून पाहिलं. माझ्या शंभरातल्या तीस पिशव्या तिच्या बायकांनी चिकटवल्या होत्या. एक शब्द बोलायचा होता मला. बोलले नाही.

बाराव्या दिवशी पुन्हा तोच खेळ, शेडीचा निकाल त्याच्यावर. आज सर गिऱ्हाईक. प्रत्येक पिशवीत अर्धा किलो हरभरा घालून उचलणार, फाटली की बाद. मी ऐटीत शंभर सांगितल्या. भिकुबाई म्हणाली, ‘‘साठ.’’ माझ्या बायका फिदीफिदी हसल्या.

या वेळी मात्र ती खुर्चीवरून हलली नाही. नंतर तिनं मला सांगितलं, रात्रंदिवस त्या खुर्चीचाच विचार करत होती. मग तिला आठवलं, बिबड्यांच्या दिवशी म्हातारी सासू खाटेवर बसते, पिठाला बोट लावत नाही, पण कोणाचा हात हलका, कोणाची जीभ लांब, सगळं तिला ठाऊक असतं. तसंच केलं तिनं. बडबडीला रद्दी कापायला एकटी बसवली, हलक्या हाताच्या बाईला खळ दिली. आणि एकच पिशवी करवून सरळ सरांपुढे धरली.

‘‘सर, पहिले ही चाखा.’’

‘‘चाखू?’’

‘‘घाट चाखल्याबिगर आम्ही बिबडा थापतस नही. मीठ कमी ऱ्हायनं ते बठ्ठा घाट वाया.’’

सरांनी हरभरा भरला. पिशवीचं बूड फाटलं, दाणे फरशीभर. भिकुबाईनं बूड दुपदरी करवलं, पुन्हा भरायला लावलं. टिकलं! तेव्हाच तिनं बाकीच्यांना हात चालवायला सांगितलं. आणि वर माझ्याकडे ओरडली, ‘‘कुंदा, बूड दुपदरी कर वं!’’

‘‘अहो, ती तुमची स्पर्धक,’’ सर म्हणाले.

‘‘आमना गल्लीनी शे ती.’’

मला वाटलं, ही माझा वेळ खायला बघते. मी ऐकलं नाही. माझ्या शंभरच्या शंभर झाल्या हो, आणि त्यातल्या एकाहत्तर फाटल्या. वर्गात हरभऱ्याचा सडा पडला. तिच्या साठ मात्र साठच्या साठ उभ्या. सरांनी शेडीची किल्ली तिच्या हातात ठेवली तेव्हा वर्ग दणाणून गेला. मला रडूच फुटलं. रडत रडतच उभी राहिले आणि त्या तीस पिशव्यांचं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भिकुबाई म्हणाली, ‘‘माले माहीत व्हतं.’’ बस्स, एवढंच.

शेडीत पहिला घाट शिजला त्या सकाळी तिनं मला बोलावणं धाडलं. अकरा बायका ओले हात घेऊन थांबलेल्या. भिकुबाई खाटेवर बसली होती. तिनं वाटी माझ्या हातात दिली.

‘‘चाख. तू हो म्हनशी तवयच थापूत.’’

मी चाखला. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. छान आहे म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मी म्हणाले, ‘‘मीठ कमी आहे.’’

भिकुबाई खदखदून हसली, मूठभर मीठ घाटात टाकलं आणि खाटेवर सरकून माझ्यासाठी जागा केली.